आधी शिसपेन्सिल

पेशंट समोर येऊन बसला की आक्का आधी शिसपेन्सिलीला टोक काढायच्या. टोक असलं तरी काढायच्या. त्यांच्या खणात कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं पातं असायचं. ते घ्यायचं, पेन्सिल बोटांत फिरवत चार टवके उडवायचे, टोकावर फुंकर घालायची आणि मग मान वर करून म्हणायचं, "हं, सांगा. दोन्हीकडचं सांगा."

कन्नड बोलणारं जोडपं असलं तर तेच कन्नडमध्ये, "एरडू कडीदू हेळ्री." फुंकर मात्र दोन्ही भाषांत तीच.

मला आधी या टोक काढण्याचा भयंकर राग यायचा. बाहेर बाकांवर वीस माणसं ताटकळलेली, आणि या बाई पेन्सिल करतायत. मी नवीन होते आणि मला सगळंच लवकर उरकायचं असायचं. पुढे लक्षात आलं की टोक काढून होईपर्यंत समोरची बाई थोडी सैल झालेली असते. पदराशी चाललेला हाताचा चाळा थांबलेला असतो. काही जणी तर त्या पात्याकडे बघून म्हणायच्या, "आक्का, बोट कापंल." तिथून बोलणं सुरू व्हायचं.

बेळगावात टिळकवाडीत आमचा दवाखाना. दिवस राहत नाहीत, किंवा राहून टिकत नाहीत, अशी जोडपी आमच्याकडे येतात. खानापूर, लोंढा, चिकोडी, निपाणी, कुठून कुठून. मी तिथे रक्त काढते. हिंडलग्याहून रोज स्कूटरवरून येते. आक्का तिथे माझ्या कितीतरी आधीपासून होत्या. नर्स नव्हत्या, डॉक्टर तर नव्हत्याच. दहावी झालेल्या. निपाणीत माहेरी राहून विड्या वळल्या, मग भावाबरोबर बेळगावला येऊन एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या, आणि तिथून आमच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना उचलून आणलं. विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांत जी सफाई असते ती मॅडमनी बरोबर हेरली होती. त्यांनी आक्कांना घराण्याचा कागद काढायला शिकवलं.

हा कागद म्हणजे आमच्या दवाखान्याचा पाया. नवरा-बायको दोघांच्या घरात कोण कोण, कुणाला किती मुलं, कोण लहानपणी गेलं, कुणाला काय आजार, हे सगळं एका कागदावर आकृत्यांनी मांडायचं. पुरुष म्हणजे चौकोन. बाई म्हणजे गोल. आणि जे पोटात राहिलं पण जन्माला आलं नाही, त्याचा छोटा त्रिकोण. असे कागद सगळ्याच मोठ्या दवाखान्यांत निघतात. पण आक्कांचा एक नियम होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. कागद आधी शिसपेन्सिलीने काढायचा. मग बायकोकडच्या एका माणसाने आणि नवऱ्याकडच्या एका माणसाने तो बघून "व्हय" म्हणायचं. दोन्हीकडचं "व्हय" आलं की मगच त्यावर पेन फिरवायचं.

"एकीकडचं ऐकून पेन लावायचं न्हाय गं," त्या मला सांगायच्या. "पेन पुसता येत न्हाय."

आमच्या भागात हे सोपं नव्हतं. एक तर इथे मामाच्या घरात मुलगी द्यायची पद्धत. एकदा निपाणीकडची एक चुणचुणीत पोरगी आली होती. आक्का म्हणाल्या, "दोन्हीकडचं सांग." ती म्हणाली, "आक्का, दोन्हीकडं एकच हाय की. मामाच्या घरात दिलीया मला. माझ्या आईची आई तीच माझ्या नवऱ्याची आजी." आक्कांनी कागद आडवा केला, उभा केला, दोन रेघा वळवून एकमेकींना नेऊन भिडवल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, माझा निम्मा कागद वाचला." पोरगी खळखळून हसली. ती दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल. हसून झाल्यावर आक्कांनी तिला समजावलं की रक्त जवळचं असलं की काही गोष्टी जास्त बारकाईने बघाव्या लागतात, त्यात घाबरायचं काही नाही.

दुसरी अडचण सासवांची. सुनेला विचारलं की उत्तर सासू देणार. "किती वेळा दिवस गेले?" तर सासू म्हणणार, "दोनदा." सून खाली मान घालून बसलेली. मग आक्का अगदी काळजीच्या सुरात म्हणायच्या, "मावशी, जरा बाहेर चपलांकडं बघता का? परवाच एकाची नवी जोडी गेली." आता कोल्हापुरी पायताण जिवापाड जपणाऱ्या निपाणीकडच्या माणसाला चपलेची काळजी सांगायची म्हणजे बघा. सासू ताडकन उठून बाहेर. ती गेली की सून हळूच म्हणायची, "चारदा. दोन मी सांगिटलंच न्हाय कुणाला." आणि आक्का दोनाचे चार त्रिकोण करायच्या. इतक्या वर्षांत आमच्या दारातून एकही चप्पल गेलेली नाही, हे मी तुम्हाला खात्रीने सांगते.

त्रिकोणांच्या बाबतीत त्या फार कडक. लोक म्हणायचे, "ते धरायचं न्हाय आक्का, दीडच महिन्याचं होतं." त्या म्हणायच्या, "धरायचं. आलतं न्हवं? मग धरायचं."

माझ्यावरही त्या एकदा कडाडल्या होत्या. लोंढ्याचं एक जोडपं, तो रेल्वेत रुळांच्या कामावर. दोघांचं रक्त हिरव्या टोपणाच्या नळ्यांत भरून बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत पाठवायचं होतं. या तपासणीत रक्तातल्या पेशी तिथे वाढवून त्यांच्यातली गुणसूत्रं बघतात. म्हणजे पेशी जिवंत पोचायला हव्यात. मी आधीच्या नोकरीच्या सवयीने नळ्या थेट बर्फावर ठेवून डबा बंद केला. आठवड्याने निरोप आला, पेशी वाढल्या नाहीत, पुन्हा रक्त पाठवा. मी म्हणाले, कुरिअरवाल्याने हेळसांड केली असेल. आक्कांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

"लाव त्यांला. तुझ्या तोंडानं सांग, चूक माझी हाय म्हणून. त्या बाईला वाटाय नको, तिचं रगातच खराब हाय."

मी फोन केला. पलीकडे ती बाई पहिलं वाक्य तेच म्हणाली, "माझ्याच रक्तात कायतरी असंल, व्हय?" "नाही, चूक माझी आहे," मी सांगितलं. तेव्हापासून चूक झाली की मी आधी सांगते. माझ्या स्वभावात नव्हतं ते, आक्कांनी घातलं.

आक्कांच्या स्वतःच्या घराबद्दल आम्हाला फारसं ठाऊक नव्हतं. लग्न झालं होतं, मोडलं होतं, त्या भावाकडे राहायच्या, एवढंच. गळ्यात काळी पोत नव्हती. मी एकदा आगाऊपणे म्हणाले, "आक्का, तुमचा कागद काढू या की एकदा." त्यांनी पेन्सिलीचं टोक तपासलं. "माझ्या कागदाला दुसरीकडचं माणूस मिळंना गं," म्हणाल्या, आणि चहा सांगायला गेल्या.

मग बोरगावचं ते जोडपं आलं.

मुलगा तिशीतला, साखर कारखान्याच्या ऑफिसात. मुलगी खानापूरकडची, बालवाडीत शिकवायची. तीनदा दिवस राहून गेले होते. मग एका मोठ्या शहरात जाऊन टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार दोनदा केले. पहिल्या वेळी राहिलं नाही, दुसऱ्या वेळी राहिलं आणि आठव्या आठवड्यात गेलं. मुलीच्या तपासण्यांची फाईल इतकी जाड की तिला नाडी बांधली होती. मुलाच्या नावाचा एकच कागद, वीर्यतपासणीचा, सगळं ठीक म्हणणारा. बरोबर सासू. बसता बसताच त्या म्हणाल्या, "ही शेवटची खेप बघा. मग हिच्या भावाला बोलावून घेणार, काय ते मोकळं करून टाकणार." मुलीने हे इतक्या वेळा ऐकलं असावं की तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

माझी रक्त काढायची खुर्ची आक्कांच्या टेबलाच्या मागेच, मध्ये फक्त एक हिरवा पडदा. तिथून मी बघत होते. आक्कांनी केसपेपरवरचं आडनाव वाचलं, गाव वाचलं. पेन्सिलीला टोक काढलं. टोक मोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा मोडलं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा फुंकर घालायला त्या विसरल्या.

मुलीकडचं सांगून झालं. मग नवऱ्याकडचं सांगायला सासूबाई बसल्या. नवरा, त्याला एक थोरला भाऊ. "ते भावजी गेले बघा मागंच. त्यांला पोरं न्हाईत."

"लग्न?"

"दोन झाली. पयली होती निपाणीची. ती वांझ निघाली, दिली पाठवून. मी काय तिला बघिटली न्हाय, माझ्या लग्नाआधीचं हाय ते. मग दुसरी केली. तिलाबी झालं न्हाय काय."

"पहिलीला दिवस कधी राहिलेच नव्हते?"

"ऱ्हायचे म्हणं. टिकायचं न्हाय. कोण मोजतंय?"

आक्कांनी एक चौकोन काढला. शेजारी एक गोल काढला. त्याखाली एक, दोन, तीन, चार त्रिकोण काढले. ओळीत, सारख्या आकाराचे. सासूबाईंनी आकडा सांगितलाच नव्हता.

तेव्हा मला कळलं. तुम्हालाही कळलं असेल. मी हातातली नळी खाली ठेवली, कारण ती पडली असती.

सासूबाई पुढे सांगत राहिल्या. दुसरीची दोन गेली होती. त्यांची स्वतःची, या मुलाआधी, दोन गेली होती. "पण ते काय, सगळ्यांची जात्यात," असं म्हणून त्यांनी ती उडवून लावली. आक्का त्रिकोण काढत राहिल्या. कागदाच्या डाव्या बाजूला, मुलीच्या माहेरी, एकही त्रिकोण नव्हता. उजवीकडे नुसती दाटी झाली होती.

आक्का तो कागद घेऊन मॅडमकडे गेल्या. दार उघडंच होतं. "मॅडम, हे माझं घर होतं," त्या म्हणाल्या. "ही केस दुसऱ्या कुणाकडं तरी द्या." मॅडमनी कागद बघितला, बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "देते. पण आधी या मुलाचं रक्त मिळायला हवं, आक्का. ते एक बघा, आणि नको वाटलं तर तेही नको."

मुलगा काही ऐकेना. "माझा रिपोर्ट नॉर्मल हाय की! माझ्यात काय बघायचंय? हिचंच काढा काय काढायचं ते." आमच्याकडे बहुतेक पुरुष हेच म्हणतात, थोड्याफार फरकाने. मॅडमनी समजावलं की ही वेगळी तपासणी आहे, हिचा त्या रिपोर्टशी संबंध नाही. तो उठून चपला घालायला निघाला. मुलगी तिथेच बसून राहिली. ती आता रडत होती, आवाज न करता.

आक्कांनी त्याला हाक मारली. "हिकडं ये रं जरा."

त्याला टेबलाशी बसवून त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला आणि पेन्सिलीचं टोक त्या गोलावर ठेवलं. "ही बाई कोण, ठाऊक हाय?"

"थोरली काकू. पयली. मी बघिटलं न्हाय तिला."

"बघ मग. मी हाय ती."

आक्कांनी पेन्सिलीचं टोक खालच्या त्रिकोणांवर नेलं.

"ह्ये चार माझे. तुझी आई म्हणाली, कोण मोजतंय. मी मोजलंय. तवाबी माझंच रगात काढलं, मलाच अंगारे, मलाच उपास. तुझ्या काकाला कुणी सुई टोचली न्हाय. मला पाठवून दिली. मग दुसरी आणली, तर तिचंबी तेच. आता हिलाबी पाठवा आणि तुझी आणा दुसरी. तिलाबी असाच एक गोल काढते मी हितं, जागा हाय." त्या थांबल्या. आवाज चढला होता, तो त्यांनी खाली आणला. "पोरा, तुला दोष देत न्हाय मी. दोष कुणाचाच न्हाय. नुसतं हात पुढं कर."

तो पडद्याआड आला आणि खुर्चीवर बसून बाही वर केली. मी इतकी वर्षं रक्त काढते, पण त्या दिवशी शीर सापडायला मला वेळ लागला. डोळ्यांपुढे धूसर झालं होतं.

केस दुसऱ्या कुणाकडे द्यायचा विषय मग निघालाच नाही.

संध्याकाळी आक्का मला म्हणाल्या की त्यांचं स्वतःचं रक्त मॅडमनी फार पूर्वीच तपासून घेतलं होतं. सगळं सरळ निघालं होतं. "पण ते एकीकडचंच झालं न्हवं?" म्हणाल्या. "दुसरीकडचं माणूस गेलं. मग माझा कागद शिसपेन्सिलीतच ऱ्हायला." इतकी वर्षं आपल्यात काही नव्हतं हे ठाऊक असून या बाईने स्वतःचाच नियम स्वतःसाठी मोडला नव्हता. मला त्यांचा राग आला आणि भरूनही आलं, दोन्ही एकदम.

तीन आठवड्यांनी मुलाचा अहवाल आला. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल. मॅडमनी समजावलं, चित्र काढून दाखवलं. जोडप्याने माना डोलावल्या आणि बाहेर येऊन आक्कांना विचारलं, "आक्का, म्हणजे काय?"

आक्कांनी बाहेरून चपलांचे दोन जोड मागवले. एक लाल पट्ट्याचा, एक काळ्या पट्ट्याचा. टेबलावर वर्तमानपत्र टाकून मांडले.

"हे तुझे दोन जोड. लाल जोडातल्या एका चपलेचा पट्टा आणि काळ्यातल्या एकीचा पट्टा अदलाबदल झालाय. तुझ्याजवळ चारी हायत, चारी पट्टे हायत, काय कमी न्हाय, म्हणून तू धडधाकट. पण पोराला देताना हरेक जोडातली एकच द्यायची असती. दोन्ही नीट गेल्या तर झकास. दोन्ही बदललेल्या गेल्या तरी पोराला एक लाल, एक काळा, दोन्ही पट्टे मिळाले. एक नीट आणि एक बदललेली गेली, की पट्टा एका रंगाचा दुप्पट आणि दुसऱ्याचा न्हाईच. ते पोर टिकत न्हाय. ह्यात हिचा काय दोष न्हाय आणि तुझाबी न्हाय. जोड चुकतो, एवढंच."

मुलगा चपलांकडे बघत म्हणाला, "आणि आम्ही दोनदा एवढे उपचार केले ते?"

"त्यात कुठला गर्भ नीट जोडाचा, ते कुणी बघिटलंच न्हवतं. आता बघता येतंय."

बाहेर चपलांचे मालक अनवाणी उभे होते, त्यांना ते परत दिले.

मुलाची एक बहीण निपाणीत दिलेली. अदलाबदल वडिलांकडून आली असेल तर तिलाही सांगायला हवं होतं, म्हणून मॅडमनी वडिलांचं रक्त मागितलं. ते आक्कांचे दीर. मुलाने घरी सगळं सांगितलं होतं. म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून आला, दारात पायताण काढलं आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"या भावजी," आक्का म्हणाल्या. जणू रोजचं येणंजाणं होतं.

"वैनी," तो म्हणाला. मग, "तुमची ट्रंक घेऊन मीच आलतो फाट्यापतूर. शाळंला दांडी मारून."

"ठाऊक हाय की. रडत आलतासा. मी तुमाला पेरू घेऊन दिलता."

मी त्याचं रक्त काढलं. सुई काढताना त्याने हळूच विचारलं, "ह्यात निघंल व्हय, कुणाकडचं होतं ते?" मी म्हणाले, तीन आठवडे थांबा.

तिथेही तीच अदलाबदल निघाली. अहवाल ऐकायला तो स्वतः आला, सुनेला बरोबर घेऊन. बायकोला आणलं नव्हतं. मॅडम प्रामाणिक. त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाचं रक्त आता मिळणार नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल ठाम सांगता येणार नाही. पण त्यांच्या दोन्ही बायकांचं असं झालं, तुमच्या बायकोचं झालं, मुलाचं झालं. शक्यता दाट आहे." आक्का मान हलवत होत्या. ठाम नाही म्हटल्यावर पेन नाही, हे त्यांनी मनात ठरवून टाकलेलं मला दिसत होतं.

बाहेर त्यांनी दिराला कागद दाखवला. नेहमीसारखं एकेक आकृतीवर बोट ठेवत सांगितलं, हे तुम्ही, ही तुमची बायको, ह्यो पोरगा. "बघा, बरोबर हाय का. तुमच्याकडचं 'व्हय' लागतंय."

म्हाताऱ्याचं बोट त्या गोलापाशी येऊन थांबलं. त्याखाली चार त्रिकोण, फिकट, पेन्सिलीचे.

"व्हय," तो म्हणाला. "पेन द्या."

"भावजी, त्यांचं रगात तपासलेलं न्हाय. मॅडम म्हणाल्या, ठाम न्हाय."

"त्ये मॅडमचं. मी घरातला माणूस हाय न्हवं? दुसरीकडचा? मग मी म्हणतोय व्हय. आमच्याकडचं होतं, वैनी. पेन द्या हिकडं."

पेन आक्कांनी दिलं नाही. मी दिलं. त्याने नाक कागदाला टेकवून, तंबाखूच्या रानात राबलेल्या त्या जाड बोटांनी, आधी तो गोल गिरवला. मग एकेक त्रिकोण. शाई दाबून दाबून. चौथ्या त्रिकोणाला निब कागदातून पार गेली. सून त्याच्या खांद्यामागे उभी राहून बघत होती.

"चुकलं आमचं," तो म्हणाला.

"जोड चुकला," आक्का म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून, पहिल्यांदाच जरा रागाने, "पण तवा इचाराय पायजे होतं, भावजी. कुणीतरी एकानं इचाराय पायजे होतं."

"व्हय," म्हातारा पुन्हा म्हणाला.

ते गेल्यावर आक्कांनी एक कोरा कागद घेतला. पेशंटचा कागद त्या कधी कुणाला देत नसत, स्वतःलाही नाही. कोऱ्या कागदावर त्यांनी एक चौकोन, एक गोल आणि चार त्रिकोण काढले. नाव नाही, गाव नाही. आणि थेट पेनाने काढले. मी त्यांना थेट पेनाने काढताना पाहिलं ते तेवढं एकदाच. घडी घालून कागद पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघत काय बसलीस? बाहेर माणसं खोळंबल्यात."

त्या जोडप्याचे उपचार पुन्हा झाले, या वेळी गर्भ तपासून. सहा तयार झाले, दोन नीट जोडाचे निघाले. पहिला राहिला नाही. तेव्हा सून आक्कांच्या टेबलाशी येऊन बसली, आक्कांनी तिच्यासमोर नुसतं पेन्सिलीला टोक काढलं. दुसरा राहिला. मुलगी झाली. बारसं झाल्यावर सासूबाई स्वतः खव्याचा कुंदा घेऊन दवाखान्यात आल्या. आक्कांना साखरेचं पथ्य. त्यांनी डबा उघडून वास घेतला, आम्हाला वाटला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून बोटभर चाटला. मी बघितलं होतं.

दिवाळीनंतर आक्का गेल्या. झोपेतच, कुणाला त्रास न देता. आता घराण्याचे कागद मी काढते. संगणकावर काढायची सोय झाली आहे, आकृत्या आपोआप सरळ येतात. तरी मी आधी पेन्सिलीला टोक काढते. बाहेर माणसं वैतागतात, ते मला कळतं.

त्यांच्या दहाव्याला मी भावाच्या घरी गेले होते. भाचसून त्यांच्या वस्तू आवरत होती. पर्समधला एक घडी घातलेला कागद तिने माझ्यापुढे धरला.

"मावशी, हे कसलं नक्षीकाम हाय हो? आत्तींनी लई जपून ठेवलतं."

मी कागद मांडीवर पसरला आणि एकेका आकृतीवर बोट ठेवून तिला सांगितलं. हा चौकोन म्हणजे त्यांचा नवरा. हा गोल म्हणजे आक्का. आणि ही चार, ही त्यांची.

ती पोरगी कागदाकडे बघत राहिली. तिला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती.

"म्हंजे आमच्या आत्तींला चार पोरं होती?"

मी म्हणाले, "व्हय."